चंद्राचा पासंग

ओला गोल एकटा वाळत ठेवू नये. त्याला कंटाळा येतो आणि तो एका कुशीवर बसतो.

चंद्रावर वारा नाही. तिथे उमटलेलं पाऊल पुसायला कुणी येत नाही.

चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं की तळमजल्यावरच्या माणसाचा फक्त भांग दिसतो. तो हसतोय की रडतोय, कळायला मार्ग नसतो.

एक डाळिंब. एक भलंमोठं कलिंगड.

उन्हात पडलेल्या जुन्या डांबरी रस्त्याचा रंग.

थोरलीचे गुडघे.

"एकदाच, ताई. एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या हातचं होऊ द्या. तुम्ही बोटसुद्धा लावायचं नाही. मग बघू."

कारखाना

पाटीवर कारखाना लिहिलेलं होतं, पण होत्या दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. पुढच्या खोलीत कागदाचा लगदा भिजायचा, मागच्या खोलीत रंगकाम चालायचं आणि पडवीत तारेला टांगलेल्या पृथ्व्या वाळायच्या. शाळांना लागणारे पृथ्वीगोल इथे तयार होत. सासऱ्यांनी उभा केलेला उद्योग त्यांच्या माघारी दोन सुना चालवत होत्या. थोरला मुलगा तयार माल टेम्पोतून शाळाशाळांत पोचवायचा, धाकटा पितळी कमानी आणि बैठका जोडून द्यायचा. पण गोलाला हात लावायचा तो दोघी जावांनीच. थोरली अंगाने मोठी, बोलायला सावकाश, हाताला झपाट्याची. धाकटी चणीने लहान आणि बाकी सगळं नेमकं उलटं.

गोल करायची रीत अशी. साच्यात लगदा दाबून दोन अर्धी भांडी करायची, ती वाळली की मधून लोखंडी आस घालून एकमेकांना चिकटवायची. वरून खडूचा लेप, मग पॉलिशपेपर. पण लगदा म्हणजे माणसाच्या स्वभावासारखा, कुठे जाड तर कुठे पातळ. म्हणून तयार गोल दोन गुळगुळीत पट्ट्यांवर आस टेकवून ठेवायचा आणि हलकेच फिरवायचा. थांबताना जी बाजू खाली येते ती जड. आसाजवळ नाण्याएवढं भोक राखलेलं असे, त्याला या घरात डोळा म्हणत. त्या डोळ्यातून लांब चिमट्याने छऱ्यांची पुरचुंडी आत सोडायची आणि समोरच्या हलक्या बाजूला सरसाने चिकटवायची. हा पासंग. तो बरोबर बसला की गोल कुठेही थांबवा, तिथेच थांबतो. सासरे म्हणायचे, सोडल्यावर जो आपल्या मनाने परत वळतो तो गोल नव्हे, तो रुसलेला जावई.

थोरलीचा पासंग म्हणजे दगडावरची रेघ. फोनवर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, मान आणि खांद्यामध्ये फोन धरून, ती गोलाची जड बाजू काढायची, पुरचुंडी सोडायची, डोळ्यावर कागदाची पट्टी मारायची आणि फोन ठेवल्यावर विचारायची, "हा कुणी केला?"

"तुम्हीच की," धाकटी म्हणायची.

निरोप

दुसऱ्या शहरातल्या नकाशांच्या संग्रहालयाकडून धाकटीला विचारणा आली होती. त्यांच्याकडे जुने गोल दालन भरून पडलेले, तडकलेले, रंग उडालेले. दुरुस्तीला माणूस हवा होता. धाकट्याचं काम काय, जोडकाम करणाऱ्याला कुठेही चूल मांडता येते. त्याने बायकोवर सोडलं होतं. बायकोने अजून कुणावरच काही सोडलं नव्हतं.

थोरलीने ते ऐकलं आणि ती लगदा ढवळत राहिली. त्या दिवसापासून मात्र ती धाकटीच्या चपलांचा आवाज कान देऊन ऐकायला लागली. ही गेली तर पडवीतल्या पृथ्व्यांकडे पाहत मी एकटीच बसणार, हे तिला दिसत होतं. हाताखाली दुसरी पोरगी मिळाली असती. पण थोरलीचं अर्धं वाक्य ऐकून उरलेलं आपल्या मनाने पुरं करणारी, आणि मुद्दाम चुकीचं पुरं करून तिला हसवणारी, ती कुठून आणायची?

त्यातच ग्रंथालयाचं काम आलं, आणि धाकटीने आपली अट घातली. एक काम माझं. बोटसुद्धा लावायचं नाही. मग बघू.

'मग बघू'मध्ये राहण्याचाही अर्थ आहे, असं थोरलीने स्वतःला समजावलं आणि दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

आकार आणि अंतर

ग्रंथपालबाईंना मुलांसाठी पृथ्वी आणि चंद्र हवे होते, एकाच मापाने केलेले. पुस्तकातल्या चित्रांवर त्यांचा राग होता. चित्रात चंद्र पृथ्वीच्या इतक्या जवळ असतो की जणू कुंपणावरून विरजण मागायला आलाय.

धाकटीने चार दिवस पुस्तकं चाळली आणि पडवीतल्या जमिनीवर खडूने दोन वर्तुळं काढली. पृथ्वीचं कलिंगडाएवढं, चंद्राचं डाळिंबाएवढं. पृथ्वीच्या पोटावर आडवे चंद्र मांडले तर चार मावत नाहीत, साडेतीन-पावणेचार मावतात.

"मला वाटलं होतं, फार तर लिंबाएवढा असेल," थोरली म्हणाली. हात खिशातच.

"बाकीच्या ग्रहांचे चंद्र त्यांच्यापुढे लिंबाएवढे काय, मोहरीएवढे. आपला त्या मानाने मोठा आहे."

मग अंतर. दोघांच्या मध्ये तीस पृथ्व्या बसायला हव्यात. धाकटी दोरी घेऊन निघाली ती पडवी संपली, गल्ली लागली, समोरच्या शिंप्याचं दुकान आलं, आणि दोरी अजून हातात शिल्लकच. शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, कुणाचं माप घेताय. चंद्राचं म्हटल्यावर त्याने विचारलं, अस्तर लावायचंय का.

ग्रंथालयाच्या बालविभागात एवढी लांबी नव्हती. पण जिना होता. चार मजले उंच, मध्ये विहिरीसारखी मोकळी जागा. तळाला पृथ्वी ठेवायची आणि अगदी वर, छताच्या खाली, चंद्र टांगायचा. अंतर जवळजवळ तंतोतंत भरत होतं.

"म्हणजे पृथ्वीजवळ उभं राहून पोरांनी वर पाहिलं," धाकटी म्हणाली, "की हा चंद्र त्यांना आकाशातल्या चंद्राएवढाच दिसेल. ना लहान, ना मोठा."

"आणि मध्ये काय टांगायचं?"

"काही नाही."

"चार मजले नुसते रिकामे?"

"रिकामेच असतात ते, ताई. तेच तर दाखवायचंय."

वजन

वजनावरून दोघींची थोडी जुंपली. धाकटीने वाचलं होतं की पृथ्वी वितळवून तिचे चंद्र पाडले तर आकाराने एकोणपन्नासेक होतील, पण तराजूत पृथ्वीसमोर एक्याऐंशी चंद्र घालावे लागतात. थोरलीला हे पटेना. आयुष्यभर गोल तोललेली बाई ती. एकोणपन्नासाचे एक्याऐंशी होतात कसे? मधले बत्तीस कुणी खाल्ले?

कुणी खाल्ले नाहीत, चंद्रच हलक्या दगडाचा आहे. पृथ्वीच्या पोटात लोखंड भरपूर, त्याच्या पोटात थोडं.

"म्हणजे ती माझ्यासारखी आणि तो तुझ्यासारखा," थोरली म्हणाली.

"मी बोलले नाही हं असं."

"तू बोलायचीच नाहीस. तुझं काम मलाच बोलावं लागतं."

हवा

चंद्रावर ती नाही.

ओढ

पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाची. थोरलीने विचारलं, मग तिथे माझ्या गुडघ्यांचं काय? गुडघे तेच राहतील, धाकटी म्हणाली, पण त्यांच्यावरचं ओझं पाच हिस्से उतरेल. ग्रंथालयाच्या जिन्यात तेवढी सोय होते का बघ, असं म्हणून थोरली लगदा ढवळायला गेली.

रंग

हा विषय थोडा पुढचा आहे, पण इथेच सांगून टाकलेला बरा. रंगवलेला चंद्र पाहायला ग्रंथपालबाई आल्या तेव्हा त्यांना वाटलं, अजून अस्तराचाच हात दिलाय. काळपट, राखाडी, डांबरी रस्त्यासारखा. चांदणं एवढं पांढरं, आणि हा असा? धाकटीने सांगितलं की चंद्राची माती खरंच अशी आहे. उन्हात आहे आणि भोवती काळोख आहे म्हणून उजळ दिसतो. त्याच्यापेक्षा पृथ्वी तिप्पट उजळ, ढगांमुळे आणि बर्फामुळे. बाई थोड्या हिरमुसल्या. थोरली म्हणाली, अंधाऱ्या खोलीत तव्यावर बॅटरी मारून बघा, तवासुद्धा पुनवेचा दिसतो. बाई हसल्या आणि काळ्या चंद्राला मान्यता मिळाली.

थोरलीला त्या दिवशी बरं वाटलं होतं. काही न बिघडवता मदत करता आली होती. तोवर तिने चंद्र बिघडवून ठेवलेला होता, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

तोंड

ती दुपार अशी.

चंद्र तयार होता, फक्त रंग बाकी. एका बाजूला धाकटीने पेन्सिलने डागांच्या कडा काढल्या होत्या. आपल्याला रोज दिसतात ते डाग. दुसरी बाजू कोरी. डोळ्यावर कागदाची ओली पट्टी मारून तिने तो पट्ट्यांवर ठेवला, चप्पल पायात सरकवली आणि नवऱ्याबरोबर ग्रंथालयात हुक बसवायला गेली.

थोरली एकटी. एका शाळेचा फोन आला. मुख्याध्यापक बोलत होते, आमच्या गोलावर एका देशाचं नाव जुनंच आहे, बदलून देता का. थोरली फोन मानेत धरून हो-हो करत होती, आणि येता जाता तिचा पदराएवढा रुंद एप्रन चंद्राला लागला.

चंद्र हलला. डुलला. आणि परत फिरून, पेन्सिलची बाजू खाली करून थांबला.

फोन चालू होता. थोरलीच्या बोटाने चंद्र अर्धा वळवला. सोडला. तो परत आला, पेन्सिलची बाजू खाली.

रुसलेला जावई.

इथवर हात आपोआप गेला होता, असं ती स्वतःशी म्हणू शकली असती. पण मुख्याध्यापकांचा फोन संपला, तो तिने खाली ठेवला, आणि त्यानंतर जे केलं ते शुद्धीत केलं. पोरीने पासंग नेमका उलट्या बाजूला लावलाय, तिला वाटलं. जड बाजू आणखी जड केलीय. पहिलंच स्वतःचं काम, आणि चूक अशी की नवशिकी पोरगीही करणार नाही. सगळ्या ग्रंथालयादेखत हे उघडं पडलं तर ती पुन्हा मान वर करील का? आणि तिला सांगावं, तर 'बोटसुद्धा लावणार नाही' कुठे गेलं?

पट्टी अजून ओलीच होती. ती सालपटासारखी अलगद सुटली. चिमट्याने पुरचुंडी निघाली. तिच्याशिवाय चंद्र जवळजवळ समतोल होता. समोरच्या बाजूला चार सुटे छरे सरसात बसवले आणि झालं. थोरलीने चंद्र फिरवून पाहिला. कुठेही थांबवा, तिथेच थांबतो. पट्टी होती तशी परत बसली, तिच्या कडेला पडलेल्या सुरकुतीसकट.

पुरचुंडी तिने एप्रनच्या खिशात टाकली. संध्याकाळी धाकटी आली तेव्हा थोरली दोन्ही हात खिशात घालून दारात उभी होती.

"लावला नाहीत ना हात?" धाकटीने हसत विचारलं.

"हात आहेत कुठे मला," थोरली म्हणाली.

तिला वाटत होतं, आपण तिची लाज राखली. पोरगी आता राहील.

वर आणि खाली

पृथ्वी तळमजल्यावर बसली तेव्हा सकाळचं ऊन जिन्याच्या खिडक्यांतून आत आलं होतं. निळी, पांढरी, भरदार. डोंगरांचा उंचवटा कुठेच नव्हता. या मापाला जगातला सगळ्यात उंच डोंगरही रंगाच्या एका जाड थराइतकाच भरतो. ग्रंथपालबाई पृथ्वीभोवती दोनदा फिरल्या. थोरली तिच्याजवळ खुर्चीवर बसून होती. गुडघ्यांमुळे तिला खालचं काम मिळालं होतं: वर बघायचं आणि सरळ दिसतंय का ते सांगायचं.

चौथ्या मजल्यावर धाकट्याने शिडीवरून तार हुकात अडकवली. तारेच्या टोकाला पितळी कमान, कमानीत आडवा आस, आसावर चंद्र. धाकटीने त्याच्यावरचा कापूस काढला आणि हात सोडला.

खालून थोरलीने पाहिलं. डांबरी रंगाचं लहानसं वर्तुळ. सुंदर होतं. पण त्यावर डाग नव्हते. बारीक बारीक खड्डे नुसते, देवीच्या वणांसारखे.

ग्रंथपालबाईंनीही मान वर केली होती. आपला नेहमीचा चंद्र कुठाय, असं त्यांनी विचारलं.

वर धाकटीचा हात कठड्याबाहेर आला. तिने काठीने चंद्राला ढोसलं. तो थोडा वळला आणि तिथेच थांबला, कान दाखवत. पुन्हा ढोसलं. पुन्हा डाग छताकडे. तो जिथे सोडावा तिथे राहत होता, अगदी आज्ञाधारक, या घरातून गेलेल्या प्रत्येक गोलासारखा.

थोरलीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. डाग असलेली बाजू जड होती. ती जड ठेवली होती. जड बाजू खाली, आणि खाली पृथ्वी. वाऱ्याची झुळूक आली असती, चंद्र थोडा डुलला असता, आणि आपल्या मनाने परत वळून पोरांना तेच ओळखीचं तोंड दाखवलं असतं. पोरीने चूक केलेली नव्हती. पोरीने चंद्र केला होता. आपण तिच्या चंद्राची, सोडावा तिथे थांबणारी, पुन्हा पृथ्वी करून टाकली.

जिन्याच्या विहिरीतून धाकटीचा आवाज खाली आला. तो फार शांत होता. "माझा पासंग चुकला, बाई. उतरवून पुन्हा करावा लागेल. तुमची माफी मागते."

थोरली खुर्चीवरून उठली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, तुम्ही कशाला, मी निरोप देते वर. पण काही निरोप स्वतःच्या पायांनीच न्यावे लागतात. तिने कठडा धरला आणि चढायला लागली.

पहिल्या मजल्यावर वर्तमानपत्रं वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पृथ्वी तिच्या खाली अजून मोठीच होती. दुसऱ्यावर गुडघे कुरकुरायला लागले. सहावा हिस्सा, तिने मनात म्हटलं, आणि इथे तर सहाचे सहा हिस्से अंगावर. तिसऱ्या मजल्यावर ती खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. खाली पाहिलं तर पृथ्वी मुठीएवढी, वर पाहिलं तर चंद्र अजून लांबच. आपण दोन्हीकडच्या कुणाच्याच नाही अशा ठिकाणी बसलोय, असं तिला वाटलं. इथे टांगायला काहीच नाही, म्हणाली होती पोरगी. मग तिने पुन्हा कठडा धरला.

वर पोचली तेव्हा तिला बोलायला दम नव्हता. धाकटी चंद्र कमानीतून काढून मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. तिच्या नवऱ्याने वहिनीचा चेहरा पाहिला, स्क्रूड्रायव्हर खाली राहिला असं काहीतरी पुटपुटला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊनच जिना उतरला.

थोरलीने खिशातून पुरचुंडी काढून धाकटीसमोर धरली.

धाकटीने आधी पुरचुंडीकडे पाहिलं. मग डोळ्यावरच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. रंगाखाली ती सुरकुती होती तशीच होती.

"कधी?"

"तू हुक बसवायला गेलीस त्या दुपारी."

"मला वाटलंच नाही. रंगवताना आस घट्ट बांधलेला, पुन्हा फिरवून बघितलाच नाही. सुरकुतीसुद्धा माझीच ठेवलीत."

"मला वाटलं, तू चुकलीस."

"विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं, मला तू चुकलीस असं वाटलं ते." थोरली भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. "लाज राखायला गेले तुझी."

धाकटी पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली. खाली कुणीतरी खुर्ची सरकवली, तो आवाज चार मजले चढून वर आला. रागाने बोलली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं.

मग धाकटीने चंद्र फिरवला, डाग वर आले. तिने सांगितलं ते असं, की चंद्राचा भार काही त्याच्या नेमक्या मध्यात नाही. आपल्याकडच्या बाजूला जरासा सरकलेला आहे. आणि पृथ्वीने ओढून ओढून त्याचं एकच तोंड आपल्याकडे करून घेतलंय. तो किंचित डोलतो, त्यामुळे अर्ध्याहून थोडा जास्त दिसतो आपल्याला, पण पाठ म्हणून दाखवत नाही. हे पुस्तकात वाचल्यावर तिला पहिल्यांदा हसूच आलं होतं. मामंजींच्या हाती चंद्र लागला असता तर त्यांनी तो परत पाठवला असता.

"दुरुस्त करून पाठवला असता," थोरली म्हणाली. "जसा मी केला."

धाकटीच्या ओठाची एक कड हलली. तिने पिशवीतून चाकू काढला, पट्टी कापली, चिमटा हातात घेतला. थोरलीचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

"धरा," धाकटी म्हणाली.

"मी?"

"नुसता धरायचा. हलवायचा नाही."

थोरलीने दोन्ही तळव्यांत चंद्र धरला. आत चिमटा चालत होता, त्याची खरखर तिच्या हातांना कळत होती. कुठली बाजू जड होतेय, कुठली हलकी, सगळं कळत होतं. पुरचुंडी जागेवर किंचित तिरकी बसली, तेही तिला कळलं. तिने काही म्हटलं नाही. धाकटीने स्वतःच ती पुन्हा सरकवली.

सरस वाळेपर्यंत दोघी भिंतीला टेकून बसल्या. थोरलीने शेवटी विचारलं, तिच्याकडे न पाहता.

"जाणार ना?"

"जाणार, ताई."

"मी हा बिघडवला म्हणून?"

"नाही. हा नीट झाला म्हणून."

थोरलीने मान हलवली. खोटं बोलायची पोरीला सवय नव्हती, आणि आज ती लागली असेल असं वाटत नव्हतं. तरी ते वाक्य तिने दोन-तीनदा मनात फिरवून पाहिलं. कुठेही थांबवलं तरी ते तिथेच थांबत होतं.

"तिकडे पासंगाला काय वापरतात?"

"छरेच असतील. जुन्या गोलांत वाळूच्या पुरचुंड्या निघतात म्हणे."

"वाळू वापरू नकोस. दमट हवेत वजन बदलते ती."

"बरं."

"आणि विचारत जा. मी सांगेन. हात नाही लावणार."

"एवढ्या लांबून कसा लावाल?"

"माझं काही सांगू नकोस," थोरली म्हणाली, आणि मग दोघींनाही हसू आलं, आवाज न करता, ग्रंथालय असल्यासारखं, ते होतंच.

डाग

चंद्र पुन्हा कमानीत बसला. धाकटीने त्याला काठीने ढोसलं. तो वळला, पाठ दाखवली, डुलत डुलत परत आला आणि डाग खाली करून थांबला. खालून ग्रंथपालबाईंचा "हां" असा आवाज आला.

थोरली जिना उतरली. उतरताना गुडघे जास्त दुखतात, हे ज्याचे दुखतात त्यालाच माहीत. तळाशी खुर्ची होती तिथेच होती. ती पृथ्वीशेजारी बसली आणि मान मागे टाकून तिने वर पाहिलं. आकाशात दिसतो तेवढाच होता, अगदी तेवढाच. कठड्यावरून एक लहानसं डोकं बाहेर आलं.

"सरळ दिसतोय का?" वरून धाकटीने विचारलं.

थोरलीला तो एका बाजूला केसभर कललेला दिसला. ती पाहत राहिली. कुणीतरी बाहेरचं दार उघडलं, झुळूक आली, चंद्र डुलला आणि परत आला.

"दिसतोय," ती म्हणाली.

नीट झालेला चंद्र पट्ट्यांवर ठेवून त्या दुपारी हुक बसवायला जाताना, शिंप्याच्या दुकानासमोर थांबून, धाकटीने संग्रहालयाला फोन केला होता आणि येते म्हणून कळवलं होतं.